‘तमस’चा खटला आणि नागपूरचा खंबीर माणूस

कोंदट कोठडीत, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नथू डुक्कर मारायला धडपडतो आहे. मेलेल्या जनावराची कातडी सोलणं हा त्याचा धंदा. जिवंत जनावरावर सुरी चालवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही. सलोत्री साहेबांना, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, डुक्कर हवंय, असं सांगून पाच रुपयांची नोट खिशात कोंबून हे काम त्याच्या गळ्यात मारलेलं आहे. डुक्कर चवताळतं, नथू घामाघूम होतो, रात्र सरत जाते. आणि सकाळी मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका सुरू झाली, ती या प्रसंगाने. ओम पुरींचा नथू ज्यांनी पाहिला, त्यांना पुढचे भाग पुसट आठवत असतील. ती कोठडी मात्र लख्ख आठवते. पुढे मालिकेवर जो खटला झाला त्याचं उत्तरही याच पहिल्या भागात होतं.

खटल्याची हकिगत थोडक्यात सांगता येते. मालिका फाळणीपूर्व पंजाबातल्या दंगलीची. दोन भाग दाखवून झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली आणि एकल न्यायाधीशांनी पुढच्या भागांना स्थगिती दिली. अपील गेलं न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाकडे. या दोघांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि स्थगिती उठवली. (हेच लेंटिन जे. जे. रुग्णालयातल्या १९८६ च्या ग्लिसरॉलकांडाच्या चौकशी आयोगाचे प्रमुख होते. कागदाआड दडलेली वस्तू बाहेर काढून पाहायची त्यांना सवय असावी.) दुसरी याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. एस. रंगनाथन यांनी १६ फेब्रुवारी १९८८ रोजी तीही फेटाळली. मालिका पाहून धर्माधर्मांत वैर वाढेल, सार्वजनिक शांतता बिघडेल, हा आक्षेपाचा गाभा होता. सेन्सॉर बोर्डाने दिलेलं ‘यू’ प्रमाणपत्र म्हणूनच चूक, असं याचिकादाराचं म्हणणं.

हा खटला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्याचं खरं महत्त्व जरा बाजूला आहे. न्यायालयापुढे प्रश्न होता तो प्रेक्षक कोण धरायचा, हा. याचिकेतला प्रेक्षक भोळा, भडक माथ्याचा, पडद्यावर तलवार दिसली की कोपऱ्यातली काठी उचलणारा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला आणि तो आणला नागपूरहून. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या स्वातंत्र्यापूर्वीच्या प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं होतं की, शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मनावरून. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावरून नव्हे. परक्या राज्यात, छापील मजकुराविषयी सांगितलेली ही कसोटी चार दशकांनी टीव्हीच्या प्रेक्षकाला लागू झाली.

आपल्याकडे प्रयोगबंदीचा इतिहास जुना आहे, आणि त्यात एक गंमत आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारच्या हाती नाटक थांबवायची सत्ता आली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नावही नाही. तरी कीचक म्हणजे कोण आणि द्रौपदी म्हणजे कोण, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. म्हणजे तेव्हाच्या सरकारला प्रेक्षकाच्या हुशारीची धास्ती वाटली. १९८८ मधल्या याचिकेला धास्ती वाटली ती त्याच्या कथित अडाणीपणाची. परक्या सरकारने मराठी प्रेक्षकाला दिलेला मान देशी याचिकादाराने काढून घ्यावा, हे जरा चमत्कारिकच. निरक्षर प्रेक्षकाचा मुद्दा मुंबईतच निघाला होता. निरक्षर माणसाला साधी अक्कल नसते असं नाही, धर्मांधांचे डाव त्यालाही कळतात, असं खंडपीठाने त्यावर बजावलं.

इथे एक आक्षेप मात्र वजनदार आहे. न्यायमूर्तींनी मालिका सलग पाहिली. लोक ती आठवड्याला एक भाग अशी पाहणार. कृतीचा विचार समग्र व्हावा हे तत्त्व पुस्तकाला ठीक, पण ज्याने एकच भाग पाहिला आणि पुढच्या वेळी ज्याच्या गावात वीज गेली, त्याचं काय? त्याच्या डोक्यात मशिदीची पायरी तेवढी राहणार. आक्षेप तर्काला धरून आहे, पण मालिकेच्या बांधणीला धरून नाही. निहलानींनी, आणि त्यांच्याआधी मूळ कादंबरीत भीष्म साहनींनी, कथा पायरीपासून सुरू केलेली नाही. कोठडीपासून केली आहे. पायरीवर डुक्कर दिसताच गाव पेटतं, कारण ते कुणी आणि कसं मारलं हे गावाला ठाऊक नाही. प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. रहस्यकथेसारखं हे गुपित शेवटपर्यंत राखलं असतं, तर आठवड्याच्या हप्त्यांचा धोका खरा ठरला असता. इथे पहिल्याच भागात प्रेक्षकाच्या हाती पुरावा दिला आहे, आणि पुढचा प्रत्येक भाग तो त्या पुराव्यासकट पाहतो. ज्याने फक्त पहिलाच भाग पाहिला, त्यालाही दंगल विकत घेतलेली आहे हे कळलं. भाव पाच रुपये.

दुसरी भीती अशी की, हे सगळं पुस्तकी आहे, दंगल खरोखर होते. होतेच. ‘तमस’ लिहिली गेली तीच मुळी एका खऱ्या दंगलीमुळे, आणि ती महाराष्ट्रातली. मे १९७० मध्ये भिवंडी पेटली. जळगाव आणि महाडही त्यात होरपळले, आणि पुढे न्या. मदन आयोगाने या तिन्ही ठिकाणांची चौकशी केली. भाऊ बलराज साहनींबरोबर भीष्मजी भिवंडीत गेले. जळालेल्या घरांच्या आणि थंड पडलेल्या मागांच्या त्या गावात त्यांना १९४७ मधलं रावळपिंडी पुन्हा दिसलं, आणि त्यातून कादंबरी उभी राहिली. भिवंडीला पेटायला कुठली मालिका लागली नव्हती. तेव्हा मुंबईत दूरदर्शनच नव्हतं, ते १९७२ मध्ये आलं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा खटला त्या मानाने सोपा होता. दूरदर्शन सरकारचं, प्रमाणपत्र सरकारी बोर्डाचं, म्हणजे कलाकृतीच्या बाजूने सरकारच उभं. सरकारलाच एखादी गोष्ट दाखवायची नसते तेव्हा हा खंबीर माणूस किती उपयोगी पडतो? आनंद पटवर्धनांना आपले माहितीपट दूरदर्शनवर यावेत म्हणून पुनःपुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि त्यात वर्षंच्या वर्षं गेली. तरी नागपूरची कसोटी वाया गेली नाही. १९८९ मध्ये ‘ओरे ओरु ग्रामथिले’ या तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचाच आधार घेतला, आणि निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारने हात टेकणं म्हणजे कायद्याच्या राज्यावर पाणी सोडणं, असा पुढचा टप्पाही गाठला. ‘तमस’च्या वेळी रस्त्यावरची निदर्शनं न्यायालयाच्या दाराबाहेर होती; वर्षभराने ती निकालपत्रात आली.

कादंबरीच्या शेवटी दंगल विझते आणि शहरात अमनची बस फिरू लागते. बसमध्ये सगळ्या पक्षांची माणसं, आणि पुढे बसून शांततेच्या घोषणा देतो आहे तो मुराद अली, नथूच्या खिशात नोट कोंबणारा. त्याने काय केलं हे बसमधल्या कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेला नथू मेलेला आहे. उरतो तो फक्त वाचक.