प्रत आणि नक्कल

'तुमच्या कादंबरीच्या प्रती किती खपल्या?' असे कोणी विचारले म्हणजे मी आकडा सांगून मोकळा होतो. तो सांगायला फारसा वेळ लागत नाही. पण 'तुमच्या कादंबरीच्या नकला किती झाल्या?' असे त्याच गृहस्थाने विचारले, तर मी त्याच्याकडे संशयाने पाहीन. वास्तविक कोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे एकच अर्थ सापडतो : एका लेखावरून उतरून घेतलेला दुसरा लेख. मग एका शब्दाने मन सुखावते आणि दुसऱ्याने बिथरते, हे का?

शब्दांची कुळे पाहिली म्हणजे थोडा उलगडा होतो. 'प्रत' हा संस्कृत 'प्रति'चा वंशज. मराठीत आल्यावर त्याने आणखी एक अर्थ घेतला, तो दर्जाचा. तांदूळ उत्तम प्रतीचा असतो आणि गूळ हलक्या प्रतीचा. 'नक्कल' मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. तिथे 'नक्ल' म्हणजे मुळात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. आपल्या दप्तरांत हा अर्थ अगदी चपखल बसला. अस्सल कागद दप्तरात राहायचा, आणि लोकांच्या हाती फिरायची ती नक्कल. म्हणूनच कचेरीत 'खरी नक्कल' असा शिक्का उमटत असे. परभाषिक माणसाला हे दोन शब्द शेजारी पाहून हसू येईल. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आता तिथे 'सत्यप्रत' आली आहे, तरी तलाठ्याकडे जाणारा शेतकरी अजून सातबाऱ्याची नक्कलच मागतो.

कचेरीबाहेर मात्र नकलेने वेगळाच धंदा धरला. गॅदरिंगच्या दिवशी आमच्या शाळेतला एखादा मुलगा हेडमास्तरांचे खाकरणे आणि चष्मा पुसणे असे हुबेहूब करून दाखवतो की खुद्द हेडमास्तरही हसतात. ती नक्कल. तिला प्रेक्षक लागतो, आणि ज्याची नक्कल होते तो माणूस प्रेक्षकाला ठाऊक असावा लागतो. शिवाय हसे पिकले तरी टाळी पडते ती नक्कल करणाऱ्याला. प्रतीचे तसे नाही. प्रत करणारा जितका उत्तम, तितका तो दिसेनासा होतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक दोन शब्द स्वतःचे लिहीत : जसे पाहिले तसे लिहिले, चुकले असल्यास मला दोष देऊ नका; पाठ, कंबर, मान मोडून लिहिले आहे, तेलापाण्यापासून जपा. सगळ्या पोथीत त्याचे स्वतःचे एवढेच.

हे सारे पुस्तकी वाटेल. पण मी राहतो त्या माण गावाच्या आसपासच या दोन शब्दांचा फार मोठा कज्जा होऊन गेला आहे. हिंजवडी ओलांडून उत्तरेला निघाले की इंद्रायणीच्या काठी देहू. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या याच नदीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रातल्या मुलाला सांगावी लागत नाही. परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. तुकोबांच्या टाळकऱ्यांत दोघे लिहिणारे होते : चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ. एक घाण्यावर तेल गाळणारा, दुसरा ब्राह्मण. दोघांनीही बोरू चालवला तो दुसऱ्याच्या शब्दांसाठी. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. आज चाकणहून कारखान्यांचे ट्रक रात्रंदिवस धावतात. त्या गर्दीत या गावच्या एका माणसाने मराठीचे केवढे धन उतरून ठेवले, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

पुढे दोनशे वर्षे हे अभंग हातोहात उतरत गेले. मुंबई सरकारने पैसा दिला आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून गाथा सिद्ध केली. ती इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यानंतर महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून १९१९-२० च्या सुमारास वेगळा गाथा काढला. त्यात अभंग पुष्कळ कमी. पण नावात त्यांनी एक शब्द जाणून घातला : 'अस्सल'. गंमत पहा. ज्याला अस्सल म्हटले तीही संताजींनी उतरलेली प्रतच! मग उरलेल्या हजारो अभंगांचे काय? त्यांतले काही दुसऱ्या वह्यांतून आलेले आणि तितकेच खरे असतील, काही कोणा भाविकाने आपल्या ओळींना 'तुका म्हणे'ची मुद्रा लावून आत सोडलेले असतील. प्रतींच्या रांगेत नक्कल कुठे शिरली, हे ओळखणे फार कठीण.

हा धोका एकनाथमहाराजांनी आधीच ओळखला होता. शके १२१२ मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी तीनशे वर्षांत पाठभेदांनी गढूळ झाली, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, त्यांनी ती शुद्ध केली. आणि बजावले की यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखे होईल. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी सहज मिसळून गेली असती. त्यांनी आपली लेखणी आवरली, आणि मला तेच त्यांचे मोठेपण वाटते. स्वतः लिहू शकणाऱ्याने दुसऱ्याची निव्वळ प्रत करणे यासाठी फार मोठे मन लागते.

याच्या उलट माणूस पाहायचा तर प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहावा. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांसमोर त्यात सालोमालो उभा आहे. तो तुकोबांचेच अभंग आपल्या नावावर खपवतो आणि वर तुक्यानेच चोरी केली म्हणून ओरडतो. शब्द तेच, मुद्रा तेवढी बदललेली. अक्षर न् अक्षर बरोबर असूनही तिला आपण प्रत म्हणत नाही.

पण त्याच चित्रपटाने एक निराळे कोडे घातले. त्यात बीज आणि तरू यांचे रूपक असलेला एक अभंग आहे. अनेकांनी तो तुकोबांचाच धरला. गाथ्यात शोधला, तो सापडेना. तो लिहिला होता शांताराम आठवले यांनी, त्या चित्रपटासाठी. त्यांनी चोरी केली नाही, आपले नाव लपवले नाही. तुकोबांच्या वळणाने लिहिले एवढेच. सालोमालोने मुद्रा बदलली आणि आपण त्याला हसलो. आठवल्यांनी वळण घेतले आणि आपण हात जोडले. तेव्हा नक्कल म्हटली की ती वाईटच, असा निकाल देऊन चालत नाही. कोणाचे कोणाच्या नावावर जाते आणि ते उघडपणे जाते की चोरून, एवढे पाहावे.

आणि प्रतीची महती? देहूच्या देवळात एक जुनी वही आहे. तिला 'भिजकी वही' म्हणतात, आणि ती तुकोबांच्या हातची मानतात. कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९९१ साली प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत ते सांगतात की विसाव्या शतकाच्या आरंभी या वहीत सुमारे ७०० अभंग होते, आता अडीचशेच्या आसपास उरले. मात्र तिची काळजीपूर्वक केलेली प्रत पंढरपूरला आहे. नदीतून वाचलेली वही माणसांच्या हातून झिजली, आणि जे झिजले ते कोणा लेखनिकाने आधीच उतरून ठेवले होते. तो स्वतःसाठी काही मागत नव्हता.

आमच्या माणच्या खाचरांत भात पिकत असे. त्यांतल्या कित्येकांवर आता काचेच्या इमारती आहेत. तिथे मुले क्षणात हजार प्रती काढतात, बोट न दुखता. त्यांना मी जुनाट मास्तर वाटणार. पण आमच्या गावच्या ट्रंकांत अजून सातबाऱ्याच्या पिवळ्या नकला घडी घालून ठेवलेल्या आहेत. शेत गेले; ते कोणाचे होते, एवढे त्या कागदावर वाचता येते. घरातल्या पोरांनी दिवाळीच्या साफसफाईत तो कागद रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून पाहावा, आणि वाचवत नसेल तर आपल्या हाताने उतरून घ्यावा.