पाच मिनिटांत वीस हाका

1983 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीचं नेटवर्क विचित्र वागू लागलं. तिथे काम करणाऱ्या माइक मूस यांना त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत ऐकलेली गोष्ट आठवली. डेव्ह मिल्स यांनी तिथे सांगितलं होतं, की आपण छोटी पॅकेट्स पाठवतो, समोरचं यंत्र ती जशीच्या तशी परत करतं आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून मार्गातला विलंब कळतो. प्रतिध्वनीची ही सोय आयसीएमपी या प्रोटोकॉलमध्ये 1981 पासून होतीच. मूस यांनी एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. अशी पॅकेट्स थेट पाठवण्याची सोय युनिक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नव्हती, तीही त्यांनी स्वतःच घातली. नवा कर्नल चालू होऊन पहिलं पॅकेट निघण्याआधीच त्यांच्या एका सहकाऱ्याने मूळचा बिघाड शोधून दुरुस्त केला होता. पण प्रोग्राम उरला. पाणबुडीतल्या सोनार यंत्राचा आवाज मनात ठेवून मूस यांनी त्याला 'पिंग' म्हटलं आणि पुढे बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो जगभर गेला.

‘जरा पिंग मारून बघ’ हे वाक्य आज पुण्यामुंबईच्या कुठल्याही सर्व्हर रूममध्ये दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. हाक मारली, ओ आली, म्हणजे यंत्र जिवंत आहे. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. मूस यांना मात्र पिंगचा वेगळाच एक किस्सा आवडायचा. युझनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदेत भेटलेल्या एका नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या इथे इथरनेट मधूनच तुटत असे. त्याने पिंगचं उत्तर आवाज काढणाऱ्या प्रोग्रामला जोडलं, तो आवाज कचेरीतल्या स्टिरिओवर मोठ्याने लावला आणि इमारतभर फिरून एकेक कनेक्टर हलवून पाहिला. ज्या क्षणी आवाज थांबला, त्या क्षणी सैल जोड हाती लागला. एकदाच पिंग मारून तो जोड सापडला नसता. सेकंदासेकंदाला, न थकता हाक मारत राहिल्यामुळे तो सापडला. सर्व्हरच्या लेटन्सीवर, म्हणजे उत्तराला होणाऱ्या विलंबावर, देखरेख ठेवण्याचं पुढचं सगळं शास्त्र या एका फरकावर उभं आहे.

विलंबात किती चढउतार होतो, याला सरासरीइतकंच महत्त्व आहे, हे 1986 च्या ऑक्टोबरात कळलं, आणि तेही चांगलीच किंमत मोजून. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्डांचं. त्या दुव्यावरचा वेग सेकंदाला 32,000 बिट्सवरून 40 बिट्सवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी कारणाचा शोध घेतला. गर्दीमुळे उत्तर उशिरा येई, पाठवणारं यंत्र पॅकेट हरवलं असं समजून पुन्हा पाठवी आणि गर्दी आणखी वाढे. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उपायांत एक उपाय असा होता, की वाट किती पाहायची हे ठरवताना फेरीच्या सरासरी वेळेबरोबर त्या वेळेतला चढउतारही मोजावा. मधल्या काळात, स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून, जेकबसन यांनी 'ट्रेसराउट' लिहिलं. पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून जातं आणि तिथवरच्या फेरीला किती वेळ लागतो, ते त्यातून दिसू लागलं.

प्रश्न उरला नोंदीचा. पिंगची अक्षरं पडद्यावरून वर सरकतात आणि जातात. काल रात्री दोन वाजता काय झालं होतं, हे कोण सांगणार?

त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात तयार होत होतं. तिथल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात 1994 मध्ये टोबियास ओटिकर काम करत होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन 64 किलोबिटची. ती किती भरली आहे, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असे. ओटिकर यांनी सतत ताजा होणारा आलेख वेबपानावर टाकला आणि त्यातून एमआरटीजी हे साधन झालं. पण ते मोजत होतं वाहतूक, विलंब नव्हे. शिवाय नोंदी साठवण्याच्या त्याच्या पद्धतीला मर्यादा होत्या. 1999 मध्ये ओटिकर यांनी आरआरडीटूल दिलं. त्याची फाइल जन्मतःच जेवढी असते तेवढीच राहते. ताज्या नोंदी बारकाईने ठेवायच्या, जुन्या एकत्र करून जाड्याभरड्या करायच्या. डिस्क भरण्याची भीती गेली आणि वर्षभराचा इतिहास लहानशा सर्व्हरवरही मावू लागला.

याच पायावर ओटिकर यांनी 'स्मोकपिंग' बांधलं. त्यात निको ट्यूनी यांचाही वाटा आहे. त्यातली कल्पना आजही तितकीच देखणी वाटते. नेमून दिलेल्या प्रत्येक यंत्राला दर पाच मिनिटांत वीस पिंग पाठवायचे. आलेली उत्तरं लहानमोठी लावून मधल्या उत्तराची रेघ काढायची. बाकीची उत्तरं त्या रेघेभोवती करड्या छटांत पसरवायची. नेटवर्क शांत असेल तर रेघ बारीक आणि स्वच्छ. कुठे गर्दी झाली की तिच्याभोवती धूर दाटतो. पॅकेट्स हरवू लागली की हिरव्या रेघेचा रंगच बदलतो. पिंग पाठवण्याचं काम स्मोकपिंग सहसा 'एफपिंग'कडे सोपवतं. अनेक यंत्रांना एकाच वेळी हाक मारणारं हे साधन रोलंड शेमर्स यांनी 1992 मध्ये स्टॅनफर्डमध्ये लिहिलं होतं.

या धुराने एक मोठं दुखणं उघड केलं. 2010 मध्ये प्रोग्रामर जिम गेटिस यांच्या अमेरिकेतल्या घरून मोठ्या फाइल्स पाठवल्या जात असताना स्मोकपिंगच्या आलेखांत विलंब एका सेकंदाच्याही वर गेलेला दिसला. राउटर आणि मोडेमांत स्मृती स्वस्त झाली म्हणून बनवणाऱ्यांनी रांगा अवाढव्य लांब ठेवल्या होत्या. पॅकेट हरवत नसे, नुसतं रांगेत ताटकळत असे. गेटिस यांनी त्याला 'बफरब्लोट' म्हटलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही रांग आवरणारी पद्धत मांडली आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली.

भारतात ही मोजमापं वेगळ्या कारणाने बोलकी ठरली. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, म्हणजे जाऊनयेऊन 70 मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं शक्यच नाही. देशातल्याच दोन सेवादात्यांमधली वाहतूक परदेशातून फिरून येत असेल, तर हे आकडे ते लपवू शकत नाहीत. तो वळसा वाचवण्यासाठी 2003 मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. परदेशाशी जोडणारी वाट किती नाजूक आहे, हेही पुढे दिसलं. 2008 च्या जानेवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या इंटरनेटलाही मोठा फटका बसला.

आकडे वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. राउटरचं मुख्य काम पॅकेट पुढे धाडण्याचं. पिंगला उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम. त्यामुळे ट्रेसराउटमधल्या मधल्याच एका टप्प्याचा मोठा आकडा हा दोष असेलच असं नाही. तो विलंब पुढच्या सगळ्या टप्प्यांवर टिकला तरच संशय घ्यावा. 1996 च्या 'पिंग ऑफ डेथ' हल्ल्यांनंतर तर अनेकांनी फायरवॉलमध्ये पिंगच बंद केलं. ओ आली नाही म्हणजे यंत्र मेलं, असा निष्कर्ष तेव्हापासून काढता येत नाही.

डेबियन किंवा उबुंटूच्या सर्व्हरवर स्मोकपिंग आज एका आज्ञेत बसतं. खरा विचार करायचा तो लक्ष्यांच्या यादीचा. आपला गेटवे, सेवादात्याचा पहिला राउटर आणि दूरचं एक भरवशाचं यंत्र, इतकी तरी लक्ष्यं तीत हवीत. तक्रार आल्यावर बिघाड घरात, वाटेत की पलीकडे, हे या तीन आलेखांच्या तुलनेतूनच उलगडतं. ज्यांच्या हाती सर्व्हर आहे त्यांनी ही देखरेख पहिल्याच दिवशी सुरू करावी. ग्राहकाचा फोन येईल तेव्हा मागच्या महिन्याचा आलेख समोर असला पाहिजे, आणि मागचा महिना नंतर मोजता येत नाही.