माटोळीची कुळकथा

माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर टांगलेले फळाफुलांचे छत. गोव्यातल्या हिंदू घरात माटोळीवाचून चवथ होत नाही. पेडण्याच्या बाजूला आणि तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्गात तिला माटवीही म्हणतात. कोकणीत मांडवाला माटव हा शब्द आहे, त्या माटवाचे हे घरातले छोटे रूप. लाकडी पट्ट्यांची चौकोनी जाळी छताला अडकवतात, तिला आंब्याचे टाळे बांधतात आणि मग एकेक वस्तू लटकवत जातात. बांधायला केवणीच्या, म्हणजे मुरडशेंगेच्या झाडाच्या सालीचे दोर वापरण्याची जुनी रीत आहे. विसर्जनानंतर माटोळी सोडतात. त्यातले खाण्याजोगे असते ते घरात आणि शेजारीपाजारी वाटले जाते.

माटोळीला काय काय लागते याची यादी गावागणिक आणि घरागणिक बदलते. तरी नारळ, सुपारीचा शिपटो (घोस) आणि केळ्यांचा घड यांना कुठेही फाटा मिळत नाही. जाळीचा भार आणि शोभा दोन्ही या तिघांवर असतात. त्यांच्या भोवती रानातल्या वस्तू येतात: कांगणां, घागऱ्या, लालभडक कवंडळे, फागलां, आंबाडे, तिरफळांचे घोस, कुड्याच्या जोडशेंगा, पांढऱ्या पानाची शेरवड, कळलावीची फुले, तेरडा. डिचोली आणि पेडणे या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांतली माणसे चवथीआधीचे दिवस रानात घालवतात आणि जमवलेल्या जुड्या माटोळीच्या बाजारात आणून बसतात. शहरी गोव्याची माटोळी त्यांच्या पायपिटीवर उभी असते.

या बाजारामुळे माटोळी ही निव्वळ सह्याद्रीच्या रानाची पूजा आहे, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. रानवस्तू सह्याद्रीच्या खऱ्या, पण जाळीचा मुख्य भार पेलणाऱ्या तीन वस्तूंपैकी दोन पूर्वेकडच्या बेटांवरून आलेल्या आहेत. तिसरीचे गणगोत साऱ्या हिंदी महासागराच्या काठावर पसरले आहे.

प्रथेचे मूळ मात्र दख्खनच्या द्वीपकल्पातच दिसते. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात गणपतीवर अशीच फळावळी बांधतात. आंध्र आणि तेलंगणात विनायक चवितीला मूर्तीवर लाकडी चौकट टांगून तिला फळे बांधतात, तिला पालवेल्ली म्हणतात. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत एकाच सणाला एकाच आकाराची चौकट आढळते, तेव्हा ती कोण्या एका घराण्याची वा गावाची कल्पना नसणार. भाद्रपदात भात पोटरीवर येत असते, रानातली फळे धरलेली असतात, आणि वर्षातला मोठा सण दारात असतो. पिकलेले व उगवलेले सगळे देवाच्या डोक्यावर धरायचे, हा शेतकऱ्याचा विधी पुढे गणेशपूजेला जोडला गेला, हेच अधिक संभवते. पूजेच्या पोथीचा येथे फारसा अधिकार चालत नाही. कोणती वस्तू कुठे बांधायची हे घरातले वडीलधारे सांगतात.

आता त्या तिघांकडे वळू. केळीचा इतिहास सगळ्यात जुना आणि सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ भागात कुक नावाच्या दलदलीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, याचे पुरावे उत्खननात मिळाले आहेत. रानटी केळ बियांनी भरलेली असते. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात दिसणारी चवेणी ही केळीची दूरची नातलग, तिचे फळ फोडले की हे लगेच कळते. बेटांवरची एक जात आणि आशियाच्या मुख्य भूमीवरची, ईशान्य भारतापर्यंत पसरलेली दुसरी जात यांच्या संकरातून आज खाण्यात असलेल्या अनेक बिनबियांच्या केळी निपजल्या. बी नसल्याने केळ वाऱ्यावर किंवा पाण्यावर पसरत नाही. तिचा मुनवा माणसानेच उचलून दुसऱ्या मातीत लावावा लागतो. त्यामुळे सालदाटी वा रसबाळी जातीच्या प्रत्येक घडामागे कोणीतरी केलेला प्रवास आहे.

सुपारीचेही घर तिकडेच. मलेशिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या बेटांत पोफळीचे मूळ मानले जाते. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर दुयोंग गुहेत साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनात सांगाड्याजवळ चुना भरलेले शिंपले सापडले. चुना, पान आणि सुपारी हे त्रिकूट तेव्हाच जमले होते, असा त्याचा अर्थ लावतात. विड्याची वेलही त्याच प्रदेशातली. पुढे विडा जिथे जिथे गेला तिथे तो केवळ खाण्याचा पदार्थ राहिला नाही, सन्मान आणि करार यांची खूण झाला. मलय भाषेत सुपारीला पिनांग म्हणतात आणि मुलीला मागणी घालण्याचे क्रियापद त्याच शब्दापासून बनले आहे. श्रीलंकेत वडीलधाऱ्यांना वंदन करताना विड्याची पाने हाती देतात. गोव्यात लग्नाच्या आमंत्रणापासून देवळातल्या गाऱ्हाण्यापर्यंत पान-सुपारी लागते. डिचोलीतल्या कुळागरांत, म्हणजे डोंगराच्या कुशीत पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या बागायतीत, पोफळींच्या रांगा असतात आणि त्यांच्यावर पानवेली व मिरवेली चढवलेल्या असतात. यांतली मिरी तेवढी सह्याद्रीची, बाकी जोडी समुद्रापलीकडची.

नारळाची गोष्ट उलटी निघाली. माडही पूर्वेच्या बेटांवरूनच आला असावा, असे फार काळ मानले जात होते. २०११ मध्ये गन, बोदुआँ आणि ओल्सेन या संशोधकांनी जगभरातल्या तेराशेहून अधिक माडांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माडाची दोन स्वतंत्र घराणी दिसली: एक प्रशांत महासागराचे, आग्नेय आशियाच्या बेटांत लागवडीला आलेले, दुसरे हिंदी महासागराचे, भारताचे दक्षिण टोक, श्रीलंका, लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या परिसरात लागवडीला आलेले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचा माड या दुसऱ्या घराण्यातला. महाराष्ट्रात त्याचा जुना लेखी दाखला नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दिलेल्या दानांत नारळाची ८,००० झाडे कोरून ठेवली आहेत. पोर्तुगीज हिंदी महासागरात आल्यावर त्यांनी येथला माड पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप वर्द बेटांवर नेला आणि तेथून तो ब्राझील व कॅरिबियन बेटांवर पोहोचला. तिथल्या किनाऱ्यांची ओळख बनलेला माड या बाजूचा आहे, ही गोष्ट गोव्यातही फार थोड्यांना माहीत असते.

केळ आणि पोफळ इतक्या दूर आणणारे खलाशी कोण? भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व दोन्ही ऑस्ट्रोनेशियन लोकांकडे बोट दाखवतात. तैवानातून निघून फिलिपिन्स व इंडोनेशियात पसरलेले हे दर्यावर्दी पश्चिमेला थेट मादागास्करपर्यंत गेले. त्या बेटाच्या भाषेची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओच्या आग्नेय भागात बोलली जाते. त्यांच्या होड्यांची खूण म्हणजे बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. त्यामुळे अरुंद होडी लाटेवर कलंडत नाही. कोकणात या ओंडक्याला उलांडी म्हणतात. पेडण्याच्या किनाऱ्यावर केरी, हरमल, मांद्रे आणि मोरजी येथल्या रापणकारांना उलांडीची होडी नवी नाही. श्रीलंकेतल्या होडीलाही अशीच एका बाजूची उलांडी असते. मद्रासच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीवर प्रबंध लिहून या होड्यांचा संबंध पूर्वेकडच्या बेटांशी जोडला. होडीच्या घडणीचा मार्ग आणि माटोळीतल्या फळांचा मार्ग एकच दिसतो.

यावरून माटोळीही बेटांवरून आली, असे कोणी म्हणेल तर ते पटण्याजोगे नाही. बालीत गालुंगान सणाला घरापुढे पेन्जोर नावाची उंच वाकलेली बांबूची काठी उभारतात आणि तिला नारळाची कोवळी पाने, फळे व भाताच्या लोंब्या बांधतात. साहित्य जवळपास तेच आहे, पण रचना, जागा आणि देवता वेगळ्या. एकाच पावसात आणि एकाच झाडांत राहणाऱ्या दोन समाजांनी आपापल्या परीने देवापुढे हिरवे ठेवले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

फळांची दुसरी लाट पोर्तुगीजांबरोबर आली. त्यांचा सेनानी अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले. मलाक्का, जायफळाची बांदा बेटे आणि तिमोर यांच्याशी गोव्याचा राबता सुरू झाला. अमेरिका खंडातून अननस, पेरू, पपई, सीताफळ आणि काजू या किनाऱ्यावर उतरले. अननस फिरंग्यांच्या बंदरांतून येतो, अशी नोंद बादशहा जहांगीराने आपल्या आठवणींत केली आहे. आज अननस, पेरू आणि सीताफळ माटोळीत बिनदिक्कत टांगले जातात. काजू मात्र तिथे नसतो, जरी पेडणे-डिचोलीचे डोंगर त्याने भरलेले असले तरी. कारण साधे आहे: काजूचा हंगाम उन्हाळ्याचा. आंब्याचेही फक्त टाळे येतात, फळ नाही. माटोळी देशी-परदेशी पाहत नाही, ऋतू पाहते.

ज्या सत्तेने ही फळे आणली तिनेच अशा प्रथांवर घाला घातला. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीत, १५६० पासून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा अंमल होता. १७३६ च्या फर्मानाने लग्नात विड्याची पाने व सुपारी देण्यासारख्या रीतीही गुन्हा ठरवल्या. तिथल्या काही कुटुंबांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर चितारलेला किंवा पत्रीचा गणपती पुजतात. ती लपवून केलेल्या पूजेची आठवण आहे, असे सांगतात. डिचोली आणि पेडण्याचे नशीब वेगळे. हे प्रांत सावंतवाडीकरांच्या ताब्यात होते आणि १७८१ ते १७८८ या वर्षांत पोर्तुगिजांकडे गेले, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या, म्हणजे उशिरा मिळालेल्या या प्रांतांतल्या, प्रजेच्या चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण आले होते. दिवाडी बेटावरून हलवलेल्या सप्तकोटीश्वराला डिचोलीच्या नार्व्यात आसरा मिळाला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथले देऊळ नव्याने बांधवले. देवाला जागा देणाऱ्या या मुलखात घरगुती विधीही अखंड राहिले. रानवस्तूंची सविस्तर जाण आज नव्या काबिजादीच्या डोंगराळ गावांत अधिक आढळते, त्याचे एक कारण रान हे आहे आणि दुसरे हा इतिहास.

अलीकडच्या काळात संकट रानावर आले. डिचोलीत शिरगाव, मये, पिळगावच्या परिसरातले डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथून उड्डाणे सुरू झाली. पावसाळी वेली आणि झुडपे सड्यावर आणि उतारावर वाढतात, त्यामुळे सडा गेला की माटोळीतली एखादी ओळ गळते. बाजारात प्लॅस्टिकची फळेही दिसू लागली आहेत. उलट बाजूने, राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे काही घरे दुर्मीळ रानफळे आणि औषधी वनस्पती हुडकून शेकडो वस्तूंची माटोळी बांधतात आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावतात. नारळ, शिपटो आणि केळ्यांचा घड यांना मात्र चिठ्ठी लावावी लागत नाही.