चाकोरी आणि परदेशी मोटार

परभणीनजीकचें पिंगळी हें मनमाड–हैदराबाद लोहमार्गावरील एक लहानसें स्टेशन. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून हा मार्ग निघाला आणि दूरदेशींचा माल गांवाच्या वेशीपर्यंत येऊं लागला. परंतु फलाट संपला कीं पुढें राज्य काळ्या मातीचें. वैशाखांत ती भेगाळते, आषाढांत चाकाला चिकटून बसते. आणि बैलगाड्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या म्हणजे दगडासारख्या कठीण होतात. परदेशांतून कोणती मोटार आणावी, या प्रश्नाचें उत्तर अशा वाटेवर मिळत असे.

अमेरिकेंत फोर्डनें हा विचार आधींच केला होता. 1908 सालीं निघालेली त्याची मॉडेल टी जमिनीपासून चांगली उंच असे. दक्षिणेकडील प्रांतांत चाकोऱ्या रुंद. म्हणून तेथील गिऱ्हाइकांसाठीं दोन चाकांमधील अंतर 56 इंचांऐवजीं 60 इंच ठेवलेल्या गाड्याही त्यानें कांहीं वर्षें विकल्या.

इंग्लंडांत उलट घडलें. 1921 पासून तेथें खासगी मोटारीवर दर अश्वशक्तीमागें एक पौंड कर बसला, आणि ही अश्वशक्ति सिलिंडरच्या व्यासावरून मोजली जाई. साहजिकच कारखानदारांनीं अरुंद सिलिंडरचीं लहान इंजिनें काढलीं. इंग्लंडच्या बांधीव रस्त्यांवर तीं पुरत. चढावर व चिखलांत दमत. त्या दशकांत हिंदुस्थानच्या बाजारांत अमेरिका व कॅनडा येथील मोटारींची सरशी झाली. 1928 सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें जुळणीचा कारखानाही घातला.

बसची गोष्ट निराळी. अश्वशक्तीचा तो कर तिला लागू नव्हता; त्यामुळें तिची घडण कामाच्या गरजेप्रमाणें होऊं शकली. जून 1932 मध्यें निजाम स्टेट रेल्वेनें 27 गाड्यांनिशीं मोटारसेवा सुरू केली. त्यांत ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याच्या बसगाड्या होत्या. घेणारी संस्था रेल्वे असल्यामुळें दुरुस्तीचा कारखाना व कसबी कारागीर तिच्यापाशीं आधींच होते.

ही सोय किती मोलाची, हें मुंबई राज्यांत दिसून आलें. 1 जून 1948 रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर सरकारी बस सुरू झाली, तेव्हां त्या सेवेच्या वांट्यास बेडफर्ड, शेव्हरोलेट, लेलँड, आल्बियन अशा दहा कारखान्यांच्या गाड्या आल्या. एकीचा सुटा भाग दुसरीस बसत नसे. एवढ्याशा तुटीपायीं सबंध गाडी अडून राहावी, असा तो मामला.

मोटार बोटींतून मुंबईस उतरे. तिची पारख मात्र कापसाचें गाठोडें किंवा आजारी माणूस घेऊन पावसाळ्यांत निघणाऱ्या खेड्याच्या वाटेवर होई. जो खरेदीदार बंदराऐवजीं त्या वाटेकडे पाही, त्याचा पैसा सार्थकीं लागे.