खिशातील नोंदवही आणि मेजावरील संगणक : नोंदींच्या ताळमेळाचा इतिहास

प्रस्तावना

एकाच माहितीच्या दोन प्रती ठेवल्या की त्यांतील प्रमाण कोणती, हा प्रश्न उपस्थित होतो. मराठी व्यवहारात हा प्रश्न नवा नाही. पेढीवरील व्यवहाराची नोंद प्रथम कीर्दीत होई आणि तेथून ती खात्यानुसार खतावणीत उतरवली जाई. नोंदीची दिशा एकच असल्याने ताळा जमला नाही तर मूळ नोंद म्हणून कीर्दीकडेच वळावे लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हातात मावणारा ऑर्गनायझर आणि मेजावरील संगणक यांच्यात नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा मात्र नोंद दोन्ही दिशांनी वाहू लागली. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा, त्यात मराठी नावांच्या वाट्याला आलेल्या अडचणींचा आणि इतिहाससाधनांवर झालेल्या परिणामाचा विचार केला आहे.

दोन साधने, दोन परंपरा

प्रारंभी ही दोन्ही साधने स्वतंत्रपणे विकसित झाली. सायन या ब्रिटिश कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ मध्ये बाजारात आला. ग्राहकांच्या नावापत्त्यांचे व्यवस्थापन करणारी ‘ॲक्ट’ ही संगणकप्रणाली १९८७ मध्ये आली. भारतात नव्वदच्या दशकात अशी खिशातील उपकरणे ‘डिजिटल डायरी’ या नावाने परिचित झाली. तथापि बारीक कळा दाबून शेकडो पत्ते भरणे कष्टाचे होते.

ही अडचण ओळखून पाम कॉम्प्युटिंगने १९९६ मध्ये ‘पायलट’ हे उपकरण सादर केले. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी आकार निश्चित करण्यासाठी लाकडाचा ठोकळा खिशात बाळगला होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पायलटच्या पहिल्या दोन प्रतिरूपांची स्मृतिक्षमता अनुक्रमे १२८ व ५१२ किलोबाइट एवढीच होती. त्याचे खरे वैशिष्ट्य संगणकाला तारेने जोडलेल्या बैठकीत होते. उपकरण बैठकीत ठेवून एक बटण दाबले की दोन्हीकडील नोंदी एकमेकींशी जुळवल्या जात. या क्रियेस ‘हॉटसिंक’ असे नाव होते.

ताळमेळाची पद्धत

ही क्रिया केवळ नक्कल करण्याची नव्हती. प्रत्येक नोंदीला क्रमांक असे आणि तीत बदल झाला अथवा ती काढून टाकली गेली तर तशी खूण होत असे. उपकरण मागील वेळी त्याच संगणकाशी जोडलेले असेल, तर खूण असलेल्या नोंदीच तपासल्या जात. अन्यथा सर्व नोंदी मागील प्रतीशी पडताळून पाहाव्या लागत. एका बाजूस नोंद काढली आणि दुसऱ्या बाजूस तीच सुधारली असेल, तर सुधारलेली नोंद टिके. दोन्हीकडे वेगवेगळे बदल झाले असतील, तर दोन्ही नोंदी ठेवल्या जात आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवली जाई.

या शेवटच्या नियमात यंत्राच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली आहे. नोंद बदलली आहे, एवढे यंत्राला कळते. कोणती नोंद खरी, हे कळत नाही. वापरणाऱ्यांना मात्र एकाच व्यक्तीची दोन-दोन नावे यादीत दिसू लागली आणि तो दोष यंत्राचा मानला गेला.

पुढे विविध कंपन्यांच्या उपकरणांसाठी समान भाषा असावी म्हणून २००० मध्ये ‘सिंकएमएल’ हा उपक्रम सुरू झाला. नावापत्त्यांसाठी ‘व्हीकार्ड’ हा नमुना त्यापूर्वीच रूढ होऊ लागला होता.

मराठी नावांचा प्रश्न

संगणकावर भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुण्यातील सी-डॅकने या क्षेत्रात मोलाचे कार्य केले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. पामच्या मूळ प्रणालीत मात्र देवनागरीची सोय नव्हती. परिणामी मराठी माणसाची यादी रोमन लिपीतच तयार झाली.

रोमन लिपीत मराठी नावाचे लेखन एकविध राहत नाही. ‘दीक्षित’ हे आडनाव निरनिराळ्या वर्णांनी लिहिले जाते. वसई तालुक्यातील ‘चांदीप’ या गावाच्या नावातील दीर्घ ईकार कोणी ‘आय’ने, तर कोणी दोन ‘ई’ वर्णांनी लिहील. नावांवरून नोंदी जुळवणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे ठरतात.

युनिकोडच्या प्रसारानंतरही प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र एकाहून अधिक संकेतक्रमांनी साठवता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, यंत्राला मात्र ते भिन्न भासू शकते. ‘ॲड.’ या उपाधीतील ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, तोपर्यंत ते अक्षर ‘अ’ व चंद्र यांच्या जोडणीने साधले जाई. म्हणजेच ताळमेळ हा केवळ तंत्राचा नव्हे, तर लेखनप्रमाणीकरणाचाही प्रश्न आहे.

इतिहाससाधन म्हणून विचार

कागदी वहीत जुना पत्ता खोडून नवा लिहिला जाई. खोडलेल्या ओळीखालील मजकूर बहुधा वाचता येई. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि चांदीपच्या पत्त्यातील जिल्हा बदलला. अशा बदलाची खूण कागदावर राहते. ताळमेळ घडवणाऱ्या व्यवस्थेत मात्र नवी नोंद जुनीची जागा घेते. पामच्या उपकरणात नोंद काढताना तिची प्रत संगणकावर राखण्याचा पर्याय विचारला जात असे. हा पर्याय अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

शिवाय पायलटमधील माहिती दोन लहान विद्युतघटांवर अवलंबून होती. घट संपून काही काळ लोटला की स्मृती रिकामी होई. त्यामुळे संगणकावरील प्रत हीच अनेकदा एकमेव अवशिष्ट प्रत ठरते आणि तीही त्या प्रणालीच्या विशिष्ट स्वरूपात बंदिस्त असते.

समारोप

२००७ नंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला आणि हळूहळू दूरस्थ संगणकावरील साठा हेच नोंदींचे केंद्र बनले. बैठक व बटण गेले. ताळमेळ सतत आणि नकळत घडू लागला. कोणती नोंद टिकावी, हा निर्णय पूर्वी अधूनमधून माणसापुढे येत असे. तो आता बहुतांशी दृष्टीआड होतो. कीर्द व खतावणी यांत ताळा न जमणे ही चौकशीची सुरुवात असे. डिजिटल नोंदींतील विसंगतीकडेही तसेच पाहणे इष्ट ठरेल. महाविद्यालये, ग्रंथालये व स्थानिक संस्था यांच्या जुन्या संगणकांवर अशा याद्या असतील, तर त्या पुसण्यापूर्वी व्हीकार्डसारख्या खुल्या नमुन्यात जतन कराव्यात आणि दुबार दिसणाऱ्या नोंदी घाईने एकत्र करू नयेत. त्यांपैकी एखादी नोंद बदललेल्या पत्त्याचा एकमेव पुरावा असू शकेल.