फिट्सजेरल्ड घराणे

आयर्लंडमधील नॉर्मनवंशीय बलाढ्य सरदार घराणे. जेरल्डीन या नावानेही ते ओळखले जाते. वेल्समधील पेम्ब्रुकचा किल्लेदार जेरल्ड व वेल्श राजकन्या नेस्ट यांचा मुलगा मॉरिस हा त्याचा आयर्लंडमधील मूळ पुरुष. लेन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याच्या मदतीस तो ११६९ मध्ये आला. त्याच्या वंशजांपैकी किल्डेअर शाखेस १३१६ मध्ये व डेझ्मंड शाखेस १३२९ मध्ये अर्लपद मिळाले.

विजेते म्हणून आलेले हे घराणे विवाहसंबंध, भाषा व रीतिरिवाज यांमुळे हळूहळू गेलिक समाजाशी एकरूप झाले. डेझ्मंडचा तिसरा अर्ल जेरल्ड (मृ. १३९८) राजाचा आयर्लंडमधील मुख्य प्रशासक होता, तसाच तो आयरिश भाषेतील कवीही होता. राजाची सनद आणि गेलिक आप्तसंबंध या दुहेरी आधारावरच घराण्याचे सामर्थ्य उभे होते.

किल्डेअरचा आठवा अर्ल जेरल्ड (कार. १४७८–१५१३) याच्या काळात ते कळसास पोहोचले. लॅम्बर्ट सिम्नेल या तोतयाचा १४८७ मध्ये डब्लिन येथे राज्याभिषेक झाला, तेव्हा जेरल्डने त्याची बाजू घेतली होती; तरीही सातव्या हेन्रीने त्यास क्षमा केली. पुढे त्याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले, पण १४९६ मध्ये उपशासकपद पुन्हा त्याच्याकडेच आले. सर्व आयर्लंड ज्याला आवरू शकत नाही, त्यानेच आयर्लंडवर राज्य करावे, असे हेन्री म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती विश्वसनीय नसली, तरी परिस्थितीचे मर्म सांगते. कारण खड्या इंग्रज सैन्यापेक्षा अर्लकरवी चाललेला कारभार राजाला स्वस्त पडे.

आठव्या हेन्रीस ही व्यवस्था मानवली नाही. नवव्या अर्लला टॉवरमध्ये ठार मारल्याच्या अफवेवरून त्याचा मुलगा टॉमस याने जून १५३४ मध्ये डब्लिनच्या सेंट मेरी मठात राजखड्ग फेकून देऊन बंड पुकारले. मेनूथचा किल्ला मार्च १५३५ मध्ये पडला व शरण आलेल्या शिबंदीतील बहुतेकांना ठार करण्यात आले. टॉमस व त्याचे पाच चुलते यांना ३ फेब्रुवारी १५३७ रोजी टायबर्न येथे मृत्युदंड देण्यात आला. त्यांतील काही चुलत्यांनी बंडास विरोध केला होता. यानंतर उपशासकपदी इंग्रजांची नेमणूक होऊ लागली.

डेझ्मंड शाखेचा शेवट अधिक विनाशक ठरला. १५६९–७३ व १५७९–८३ या दोन उठावांत मन्स्टर प्रांत उजाड झाला. दुष्काळाने असंख्य माणसे मेली. नोव्हेंबर १५८३ मध्ये अर्ल मारला गेला आणि त्याच्या जप्त जमिनींवर इंग्रज वसाहती वसविण्यात आल्या.

किल्डेअरचे अर्लपद १५५४ मध्ये पुन्हा देण्यात आले. १७६६ मध्ये लेन्स्टरचे ड्यूकपदही मिळाले. याच कुळातील लॉर्ड एडवर्ड (१७६३–९८) युनायटेड आयरिशमेन या क्रांतिकारी संघटनेचा नेता होता. अटकेच्या वेळी झालेल्या जखमेने तो तुरुंगात मरण पावला. ड्यूकचा डब्लिनमधील वाडा, लेन्स्टर हाउस, १९२२ पासून आयरिश संसदेचे स्थान आहे.