मानवधर्म सभा आणि न बोलणारे मूल

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्या आठवतात, इंग्रजांच्या आणि वलंदेजांच्या वखारी आठवतात. परंतु बंदराचा व्यापार मुंबईकडे वळून जकातीचे उत्पन्न आटल्यावर त्याच शहरात 22 जून 1844 रोजी जी मानवधर्म सभा स्थापन झाली, तिच्या इतिहासाकडे आपण त्या मानाने फारच थोडे लक्ष दिले आहे. दुर्गाराम मंछाराम मेहता, ज्यांस सुरतकर मेहताजी म्हणत, हे सभेचे प्राण होते; आणि त्यांच्या बरोबरीने उभे होते आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले होते आणि जे त्या वेळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापक होते. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जाती एक, हे सभेचे तत्त्व. पण शहरात खळबळ उडाली ती या तत्त्वामुळे तितकी नव्हे, जितकी मंत्रतंत्राचा धंदा करणाऱ्यांस सभेने दिलेल्या जाहीर आव्हानामुळे.

हा धंदा केवढा खोल रुजलेला होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या आव्हानाचे मोल कळणार नाही. घरात एखादे मूल विपरीत वागू लागले की बोलावणे जाई भुव्याला; आपल्याकडे त्याच्या जागी देवऋषी, भगत किंवा पंचाक्षरी येई. दाणे पाहिले जात, दंडावर गंडा बांधला जाई, तिन्हीसांजेला दहीभाताचा उतारा तिठ्यावर नेऊन ठेवीत, आणि एवढ्याने भागले नाही म्हणजे मुख्य विधी आरंभे तो झाडाला, म्हणजे झपाटलेल्या व्यक्तीला, बोलते करण्याचा: तू कोण, कोठला, याला कशासाठी धरलेस, काय घेऊन सोडशील?

आता अशा विधीपुढे बसवलेले एखादे मूल डोळ्यांपुढे आणावे, की जे हाक मारली असता मान वळवीत नाही, आईच्या मुखाकडे न पाहता तिच्या हातातील बांगडीच फिरवीत राहते, आणि तहान लागली म्हणजे ‘मला पाणी दे’ असे न म्हणता, आईने कधी काळी विचारलेले ‘तुला पाणी हवे का?’ हेच वाक्य तिच्याच स्वरात उच्चारते. सर्वनामांची ही अदलाबदल बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांच्या वृत्तान्तात नोंदली, आणि आज आपण जिला स्वमग्नता म्हणतो तिचे शास्त्रीय वर्णन तेथून सुरू झाले. स्वतःस ‘तू’ म्हणणाऱ्या मुलाच्या ठायी दुसरेच कोणी बोलत आहे, अशी समजूत जुन्या काळच्या घरातील माणसांची झाली असेल, तर तीत त्यांचे अज्ञान असले तरी निर्दयपणा नव्हता, असा माझा तर्क आहे. निर्दयपणा सुरू होई तो पुढे, जेव्हा उत्तर न देणाऱ्या मुलास मिरच्यांची धुरी दिली जाई, किंवा सारा दोष शेजारच्या एखाद्या निराधार विधवेवर ढकलून तिला डाकीण ठरविले जाई.

सभेची मागणी साधी होती: तुमची विद्या खरी असेल तर ती आमच्यासमोर सिद्ध करून दाखवा. 1846 साली दादोबा मुंबईस परतले, पुढे मेहताजीही राजकोटास गेले आणि सभा विसकटली; मात्र दादोबांनी मुंबईत परमहंस सभेच्या रूपाने तिचे बीज पुन्हा पेरले, आणि मेहताजींचे चरित्र महीपतराम रूपराम यांनी 1879 साली प्रसिद्ध केले.

जे आव्हान सुरतेच्या भुव्यांस दिले गेले, ते पुढे विद्वानांसही द्यावे लागले, हे स्वमग्नतेच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक प्रकरण होय. हे वैगुण्य उपजत असावे असे कॅनर यांनी लिहिले होते, पण आईबापांच्या अलिप्तपणाकडेही त्यांनी बोट दाखविले होते. आणि 1967 साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी ग्रंथ लिहून, आईच्या थंडपणामुळेच मूल आत मिटून जाते, हे मत घरोघर पोहोचविले. भुवा दोष घराबाहेर शोधीत होता. या पंडिताने तो आईच्या पदरात घातला, आणि पुरावा मात्र दोघांपाशीही नव्हता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, 1964 सालीच या मताचे खंडन केले होते. 1977 साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या, तेव्हा एकबीज जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, द्विबीज जुळ्यांच्या 10 जोड्यांत एकही नाही. मातांवरील आरोपाचा पाया तेथे ढासळला.

मग दृष्टी मेंदूकडे वळली. 2000 साली रॉबर्ट शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, चेहरे ओळखण्याच्या वेळी आपल्या मेंदूचा जो भाग विशेषत्वाने जागा होतो तो स्वमग्न व्यक्तींत मंद राहतो, आणि वस्तू ओळखण्याचा भाग पुढे येतो. येथेच थांबले असते तर ‘यांच्या मेंदूत माणसाच्या चेहऱ्याला जागा नाही’ असा नवा कलंक लागला असता. परंतु 2004 साली नूशिन हाजीखानी यांनी चित्रातील डोळ्यांच्या जागी नजर स्थिर करण्यास एक खूण ठेवली, तेव्हा तोच भाग स्वमग्न व्यक्तींतही जागा झाला. पुढल्याच वर्षी किम डाल्टन यांना आढळले की, डोळ्यांकडे पाहताना या मुलांच्या मेंदूतील अमिग्डला, म्हणजे भय आणि उत्तेजना यांचे केंद्र, अधिक तीव्रतेने चेतते. म्हणजे जे मूल आईच्या डोळ्यांना डोळा देत नाही, त्याला ती नकोशी असते असे नव्हे. कदाचित ते पाहणेच त्याला सोसत नसते. हे वाचताना, असा दिलाशाचा शब्द ऐकल्यावाचूनच निघून गेलेल्या कितीएक मातांची मला आठवण येते.

कायद्याने यायला फार उशीर केला. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता; 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016 च्या कायद्याने तिला अपंगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिले. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली केला, आणि मतिमंद व्यक्तीच्या अंगी दैवी शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे त्यात गुन्हा ठरविले. गुजरातेने तसा कायदा ऑगस्ट 2024 मध्ये, सभेच्या स्थापनेनंतर 180 वर्षांनी केला.

आज सुरतेतील लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली, कापडधंद्यावर पोट भरणारी असंख्य मराठी कुटुंबे राहतात, आणि ‘मुलगे उशिरानेच बोलतात’ हा दिलासा तेथेही दिला जातो. या दिलाशात दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात, आणि मग घाबरलेल्या आईबापांसमोर जे उपाय मांडले जातात, त्यांत लाखो रुपये घेणारी मूलपेशींची इंजेक्शनेही असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले की, स्वमग्नतेवर मूलपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय. मेहताजींनी भुव्यांकडे जे मागितले, तेच प्रत्येक आईबापाने इंजेक्शनाची रक्कम भरण्यापूर्वी त्या दवाखान्याकडे निर्भयपणे मागावे.